देश बघण्याचा कार्यक्रम

आमच्या आणि माईंच्या मधली कंपाउंडची भिंत साडेचार फुटांची. नाशिकला द्वारका चौकातून काठे गल्लीकडे वळलात की पाच-सात मिनिटांवर. भिंत बांधली तेव्हा वर काचा लावायच्या की नाही यावरून दोन्ही घरच्या पुरुषांत दोन दिवस खल झाला होता. काचा लागल्या नाहीत हे बरंच झालं, नाहीतर इतकी वर्षं आम्ही कोपरं टेकवली असती कुठे? कढीपत्त्याचं झाड आमच्या अंगणात, पण निम्म्या फांद्या माईंकडे. म्हणजे झाड आमचं आणि फोडणी दोघींची.

गेल्या दिवाळीत भाऊबीज उरकली आणि माई भिंतीवरून नाहीशा झाल्या. मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू, अडीच वर्षांची नात आणि माई असे पाच जण तीन आठवडे मेलबर्नला. गल्लीत सांगितलं होतं, ‘फिरायला.’ पण गल्ली काय दूधखुळी आहे? सूनबाई नर्स, नऊ वर्षं आयसीयूत काढलेली, आणि तिकडे नर्सना मागणी आहे हे आता द्वारकेचा भाजीवालाही सांगेल. शिवाय माईंनी बँकेतली ठेव मोडली होती. ती बातमी माई विमानतळावर पोचायच्या आधी आमच्याकडे पोचली होती. कशी, ते विचारू नका.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माई कढीपत्ता तोडायला हजर. मी म्हटलं, “काय माई, पसंत पडली का मुलगी?”

“कुठली मुलगी?”

“देश हो. बघायलाच गेला होतात ना?”

माई हसल्या. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतं. आमच्या धाकट्या दिराला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तुमचा चेहरा असाच होता.”

मग काय, बांध फुटला.

“अगं, अगदी तसंच आहे बघ,” माई म्हणाल्या. “पत्रिकासुद्धा जुळवतात. आपल्याकडे छत्तीसातले अठरा जुळले की झालं, त्यांच्याकडे निदान ६५ गुण लागतात. शिक्षणाचे गुण, अनुभवाचे गुण, इंग्रजीचे गुण, आणि वयाचे सगळ्यांत जास्त. पंचवीस ते बत्तीस वयाला ३०, तेहेतीस झाली की २५. पंचेचाळीस झाली की पत्रिकाच परत. सूनबाई आता चौतिसाची. दोन वर्षं आधी हालचाल केली असती तर पाच गुण वाचले असते, म्हणून नवराबायकोची विमानात धुसफूस.”

“आणि मुलाला गुण नाहीत?”

“आहेत की. पण अर्ज तिच्या नावावर, तो मागे. वरमाय मी, पण वरात सुनेची.” हे सांगताना माईंचा सूर तक्रारीचा होता की कौतुकाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला खरी उत्सुकता वेगळीच होती. दोन कच्चीबच्ची पोरं घेऊन, डॉलरला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये मोजून, नुसतं ‘बघायला’ जायचं? माझा भाऊ १९८३ साली मस्कतला गेला तो न बघता गेला. पत्र आलं, बॅग भरली, आईने दही हातावर ठेवलं, गेला. आमच्या ह्यांची संगमनेरहून नाशिकला बदली झाली तेव्हा ह्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या होत्या: नळाला पाणी किती वेळ येतं, आणि शाळा किती लांब. मी हे माईंना ऐकवलं.

“तेच तर बघायला गेलो होतो,” माई म्हणाल्या. “पाणी आणि शाळा. बाकी तिथल्या उंच इमारती-बिमारती टीव्हीवर दिसतातच की.”

पण सुरुवात झाली ती माझ्या झाडापासून. विमानात एक कार्ड भरायला देतात, खाण्याचं काय काय आणलंय ते खरं लिहायचं. माईंनी पर्समध्ये रुमालात गुंडाळून कढीपत्ता नेला होता, आणि डब्यात पेढे. मुलगा म्हणाला, लिहू नको, एवढंसं काय. सूनबाई म्हणाली, लिहायचं. लिहिलं. उतरल्यावर साहेबाने कढीपत्ता बघितला, गोड हसला आणि कचऱ्यात टाकला. पेढेही. लिहिलं होतं म्हणून दंड नाही. लपवून सापडले असते तर दंडाच्या पैशात इकडे लग्नाचं जेवण उठलं असतं. ताजं पान, बी, दुधाचा पदार्थ, कशातून कुठला रोग शिरेल याची त्यांना भारी धास्ती, कारण तिथे गाईगुरं आणि शेतीचा पसारा मोठा.

“म्हणजे आमच्या झाडाला व्हिसा नाकारला,” मी म्हटलं.

“तुझ्या झाडाला नाकारला, मला दिला.”

पहिल्या चार रात्री तर पोरांनी जागवल्या. आपल्यापेक्षा त्यांचं घड्याळ त्या दिवसांत साडेपाच तास पुढे. तिकडे रात्रीचे अकरा, पण पोरांच्या पोटात द्वारकेचे साडेपाच! म्हणजे खेळायला सुटायची वेळ. भाड्याच्या घरात लाकडी जमीन, पोरं धावली की ढोल वाजल्यासारखं. सकाळी दहा वाजले तरी उठायला तयार नाहीत. मुलाने येताना कागदावर वेळापत्रक काढलं होतं, रोज तीन-तीन ठिकाणं. दुसऱ्या दिवशी सूनबाईने तो कागद घेतला आणि एकेका दिवसाची दोन-दोन ठिकाणं खोडली. “लहान पोरं घेऊन दिवसाला एकच गोष्ट होते,” असं म्हणाली म्हणे. त्या घरातली सगळ्यांत शहाणी कोण, ते मला तिथेच कळलं.

पहिलीच सहल फसली. तिथे मोठं वनस्पती उद्यान आहे, १८४६ सालचं, आणि त्यात पोरांसाठी निराळी बाग. सोमवारी सगळे पोचले तर फाटक बंद. शाळा सुरू असतात तेव्हा ती बाग बुधवार ते रविवारच उघडते. वेळ बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, दोष आपलाच. पण माईंना सगळ्यांत आवडलेली गोष्ट तिथे कळली. हिवाळ्याच्या सुट्टीत पोरांनी ती बाग पार तुडवलेली असते, म्हणून त्यानंतर आठेक आठवडे बागेला विश्रांती देतात. जुलै ते सप्टेंबर.

“म्हणजे बघ, आषाढीला देव झोपतात तेव्हाच त्यांची बाग झोपते,” माई म्हणाल्या. “मला वाटलं, हे लोक आपलेच.”

बुधवारी परत गेले. पाण्याचा झरा वाहता ठेवलाय, बांबूच्या राईत लपायला वाटा आहेत, भाज्यांचे वाफे आहेत. कुठेही ‘हात लावू नका’ अशी पाटी नाही. धाकटी पाण्यात बसली ती उठेना. आणि नातवाजवळ एक अनोळखी बाई येऊन आपल्या मुलाची जास्तीची टोपी पुढे करून उभी राहिली. सूनबाईला वाटलं, बाई काहीतरी विकतेय. तसं नव्हतं. तिथलं ऊन आपल्यासारखं भाजत नाही, वारा गार असतो, पण कातडी जाळतं. १९८१ सालापासून ते लोक जाहिराती करकरून सांगतायत की अंगभर घाला, क्रीम लावा, टोपी घाला. उन्हाळ्याच्या महिन्यांत शाळेत टोपी नसेल तर मुलाला मैदानात सोडत नाहीत, सावलीत बसवून ठेवतात. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात कवायत घेतात त्या शाळांची मला आठवण झाली. नाव घेत नाही. माझी पोरं त्याच शाळेतून शिकली.

ट्रॅमचं तर माईंनी असं वर्णन केलं की मला वाटलं, आता इथेच टिंग टिंग करतात की काय. शहराच्या मध्यावर २०१५ पासून ट्रॅम सगळ्यांनाच फुकट आहे. शहराला वळसा घालणारी ३५ नंबरची जुन्या लाकडी बाकांची ट्रॅम, तिच्यात पोरांनी एकाच दिवसात तीन फेऱ्या मारल्या. उतरायचं कुठे? कुठेच नाही. खिडकीतून बघायचं. फुकटात पाचही जणांची सहल, आणि माईंचे पाय दुखले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालयाला निघाले तेव्हाही तसेच फुकटात बसले. बाजारापाशी फुकटची हद्द संपते हे ध्यानात यायला घोषणा व्हावी लागली. तिकिटाची कार्डं शोधताना मुलाची जी तारांबळ उडाली! शेजारच्या म्हाताऱ्याने मशीन दाखवलं.

“आणि प्राणिसंग्रहालय?”

“१८६२ सालचं. शनिवार-रविवारी सोळाच्या आतल्या पोरांना तिकीट नाही. पण खरं सांगू? दोन तास प्राणी बघून पोरांना काय आवडलं, तर तिथली बदकं. फुकट फिरणारी. वाघ झोपलेला होता.”

मग पाय बाहेर सोडायची गाडी. हे ऐकून मी भिंतीला घट्ट धरलं. बेलग्रेव्ह नावाच्या गावाहून डोंगरात जाणारी वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी आहे, १९००ची, ‘पफिंग बिली’ म्हणतात. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा सात वर्षांनी मोठी. तिच्या डब्यांना काचा नाहीत, कठड्यावर बसायचं आणि पाय बाहेर सोडायचे.

“सगळा जन्म मी ‘पाय आत घे, हात आत घे’ करत पंचवटी एक्सप्रेसने गेले,” माई म्हणाल्या, “आणि इथे पाय बाहेर काढायला तिकीट काढलं. नातू बसला. मी त्याची चड्डी मागून दोन्ही हातांनी धरून बसले. मला झाडंबिडं काही दिसली नाहीत.”

पेंग्विन बघायला दीडशे-एक किलोमीटर गेले, फिलिप आयलंडला. अंधार पडताना समुद्रातून येतात, उंचीला जेमतेम एक फूट. फोटो काढायची सक्त मनाई, म्हणून हजार माणसं हात मोकळे ठेवून, तोंड मिटून बसलेली. नोव्हेंबरात तिथे आठ वाजेपर्यंत उजेड. पहिला पेंग्विन पाण्याबाहेर आला तेव्हा दोन्ही पोरं शालीत गुंडाळून गाढ झोपलेली. ज्यांच्यासाठी एवढं केलं, ती घोरतायत. माईंनी मात्र पाहिले. “रांगेने येतात, मध्येच थांबतात, मागच्याची वाट बघतात. वारीत माळकरी चालतात ना, तसे.”

त्या प्रवासाला गाडी भाड्याने घेतली होती. रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा, त्यामुळे मुलाला अडचण नाही. पण सात वर्षांखालच्या पोराला त्याच्या वयाच्या खास खुर्चीत पट्ट्यांनी बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा कायदा. दोन खुर्च्यांचं भाडं वेगळं. धाकटीला आजवर माईंच्या मांडीवर बसायची सवय. तिने अर्धा तास गळा काढला. माई शेजारी बसून तिच्याबरोबर रडल्या. “मांडी असून नात खुर्चीत,” हे वाक्य माईंनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “माई, स्कूटरवर पुढे उभी करून तुमचा मुलगा तिला द्वारकेवरून नेतो तेव्हा मी डोळे मिटते.” यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “यापुढे नाही नेणार.”

एवढं सगळं ऐकून मी म्हटलं, ही तर सहल झाली. यात बघण्याचा कार्यक्रम कुठे आला? मुलीकडे गेलो की पोहे सगळेच चांगले करतात.

“पोहे खाऊन झाल्यावर आम्ही मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो ना,” माई म्हणाल्या. आणि खरी गोष्ट तिथून पुढे.

दुसऱ्या आठवड्यात सूनबाईने जाहीर केलं की आता बघण्यासारखं काही बघायचं नाही. इथे राहत असल्यासारखं राहायचं. सकाळी पोरांना घेऊन वस्तीतल्या वाचनालयात. तिथे ठरलेल्या वारी लहान पोरांना जमिनीवर बसवून गोष्ट सांगतात, गाणी म्हणतात, फी नाही, कोण-कुठले विचारत नाहीत. दुपारी मैदान. मग किराणा. आणि रोज एक घर बघायचं किंवा एक शाळा बाहेरून. शनिवारी तर रस्त्यात उभं राहून घराचा लिलाव बघितला. एक सुटातला माणूस फुटपाथवर उभा राहून ओरडतोय, बोली चढतेय, शेजारीपाजारी कुत्री घेऊन बघायला आलेले. “लासलगावला कांद्याचा होतो तसाच,” माई म्हणाल्या, “फक्त कांद्याच्या जागी घर, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तेवढंच.”

मंगळवारी एका बालवाडीत चौकशीला निघाले तर सगळं बंद. का? घोड्यांची शर्यत! नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, १८६१ पासूनची शर्यत, आणि मेलबर्नला त्या दिवशी सरकारी सुट्टी. माईंना हे कळेना. एकादशीला नाही, गणपतीला नाही, घोड्याला सुट्टी! मी म्हटलं, आपल्याकडे खंडोबाच्या घोड्याला देऊन बघा, कुणी नाही म्हणणार नाही.

बुधवारी चौकशी झाली. तीन आणि चार वर्षांच्या पोरांना तिथे २०२३ पासून बालवाडी, म्हणजे किंडर, फुकट केलंय, पण आठवड्यातले थोडेच तास. नर्सची ड्यूटी बारा-बारा तासांची. उरलेल्या वेळात पाळणाघर, ते दिवसाला शंभर डॉलरच्या पुढे. सरकारची मदत असते, पण तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बहुतेक ती मिळत नाही. आजारी पडलं तर तिथली सरकारी मेडिकेअर पाहुण्यांना लागू नाही; भारताशी तसा करारच नाही. आणि नातवाची तर अशी गंमत: तिथे ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण झाले की पोरगं जानेवारीच्या शेवटी शाळेत, म्हणजे इथे बालवर्गात असलेला हा तिथे दप्तर घेऊन निघणार. त्या संध्याकाळी मुलगा आणि सून जेवणाच्या टेबलावर आकडे मांडत बसले. माई म्हणाल्या, “मला तेव्हा कळलं की मला का नेलं होतं.”

“का?”

“पाळणाघर बघायला. म्हणजे मीच.”

हे त्या हसत बोलल्या, पण कढीपत्त्याची काडी हातात तशीच राहिली. आई-वडिलांना तिथे कायमचं नेणं किती किचकट, ते माझ्या बहिणीच्या घरी मी बघितलंय, वर्षानुवर्षं रांग. पाहुणी म्हणून जा, राहा, या, असंच. मी त्यावर काही बोलले नाही. मी विषय बदलला. “तिथल्या शेजारणीबद्दल सांगा,” म्हटलं.

आणि माई खुलल्या! तिथे कंपाउंडची भिंत नसते, लाकडी फळ्यांचं कुंपण असतं, सहा फुटांचं, एकाला एक चिकटून. पलीकडचं काही दिसत नाही. माईंची उंची तुम्हाला माहीत नाही; त्या पाच फुटांच्या आत आहेत. तीन दिवस त्यांना पलीकडे नुसता पाण्याच्या नळीचा आवाज यायचा आणि बाईचं खोकणं. चौथ्या दिवशी माईंनी मागच्या दारातली बादली पालथी घातली आणि वर चढल्या. पलीकडे काळ्या कपड्यातली, त्यांच्याच वयाची म्हातारी. ग्रीक. ओकली म्हणून तो भाग आहे, तिथे जुन्या ग्रीक लोकांची बरीच वस्ती. तिला इंग्रजी जेमतेम, माईंना त्याहून जेमतेम. म्हातारीने माईंकडे बघितलं, आत गेली, आणि कुंपणावरून पिशवीभर लिंबं दिली. तिच्या अंगणात झाड लगडलेलं.

“मग?”

“मग काय, रिकामी पिशवी परत करायची असते का?”

माईंनी भारतीय दुकानातून भाजणी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी मैदानात थालीपीठं केली. मैदानात? होय. तिथल्या बागांत विजेच्या शेगड्या बसवलेल्या असतात, सिमेंटच्या ओट्यात भला मोठा सपाट तवा, बटण दाबलं की तापतो. फुकट. कुणीही या, भाजा, खा, पुसून जा. पण त्यावर लोक काय काय भाजत असणार, हे माईंच्या मनातून जाईना. सूनबाईने चांदीचा कागद काढला, तव्यावर दोन पदरी अंथरला आणि म्हणाली, “आई, आता हा आपला तवा.” माईंनी कागदावर तेल सोडलं, हातावर थालीपीठ थापून अलगद टाकलं, बोटाने मधोमध भोक पाडलं, त्यात तेलाचा थेंब. वाऱ्याने कागदाचा कोपरा उडायला लागला तेव्हा मुलाने त्यावर धुतलेला दगड ठेवला. कांद्याचा वास सुटला आणि शेजारच्या शेगडीवरचं कुटुंब मान वळवून बघायला लागलं. त्यांची दोन पोरं येऊन उभी राहिली, नातू त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलला देव जाणे, पण दहा मिनिटांत तिघं एकाच घसरगुंडीवर. नऊ थालीपीठं झाली. दोन त्या पोरांनी खाल्ली, दोन माईंनी बाजूला काढली आणि संध्याकाळी बादलीवर चढून ग्रीक म्हातारीला दिली. लिंबांचं लोणचं घालून निघताना बरणीही तिलाच.

“काय बोलत होतात दोघी?”

“ती तिच्या भाषेत, मी माझ्या. मला वाटतं ती सुनेबद्दल सांगत होती.”

“कशावरून?”

“अगं, ते कुठल्याही भाषेत कळतं.”

पण सूनबाईचं वेगळंच म्हणणं होतं, ते तिने मला नंतर एकटीने सांगितलं. तिथे तीन आठवडे कुणी तिच्या पोरीला कडेवर घेतलं नाही. आपल्याकडे रिक्षात बसा, देवळात जा, सराफ बाजारात जा, पोरगी चार अनोळखी कडांवरून फिरून परत येते, गाल ओढून लाल झालेले. तिथे लोक हसतात, वाट देतात, पोरगाडी ट्रॅममध्ये चढवायला हात लावतात, पण पोराला बोट लावत नाहीत. पहिला आठवडा तिला याचं फार सुख वाटलं. तिसऱ्या आठवड्यात धाकटी स्वतःच अनोळखी बायकांकडे हात पसरायला लागली. “काकू, तेवढं एकच मला कुठल्या कागदावर मांडता येईना,” ती म्हणाली. आयसीयूत काम करणारी बाई, उगाच भावुक होणारी नव्हे.

आता मी स्वतः बघितलेलं सांगते. परवा संध्याकाळी माई, नातू आणि मी नाशिकरोडला जायला निघालो. द्वारका चौक तुम्हाला माहीत आहे: डोक्यावर उड्डाणपूल, खाली आग्रा रोड आणि पुणे रोडची सगळी वाहनं एकमेकांच्या अंगावर, रिक्षावाल्यांचे पुकारे. पायी जाणाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्ग काढलाय खरा, पण त्यातून कोणी जाताना मी तरी पाहिलेलं नाही. सगळे वरूनच, जीव मुठीत घेऊन. आम्हीही वरूनच. नातू माझा हात सोडून रस्त्याकडेच्या खांबापाशी गेला आणि खांबाच्या चारी बाजूंनी हात फिरवायला लागला. खालपासून त्याच्या डोक्याच्या उंचीपर्यंत.

“काय शोधतोस रे?”

“बटण,” म्हणाला. “इथलं बटण कुठंय?”

माईंनी सांगितलं, तिथे प्रत्येक चौकात खांबावर मोठं गोल बटण असतं. दाबलं की टक टक आवाज येतो, आणि हिरवा माणूस दिसला की तोच आवाज भराभर होतो. आंधळ्यालाही कळावं म्हणून. तीन आठवडे ते दाबण्याचा मान त्याचा होता. कुणी दुसऱ्याने दाबलं तर रडायचा. पेंग्विन विसरला, वाघ विसरला, ट्रॅमही विसरत चाललाय. बटण नाही विसरला.

माईंनी त्याचा उजवा हात धरून पंजा उघडला आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे वळवला. “इथे हेच बटण,” म्हणाल्या. त्याने हात तसाच ताठ ठेवला. एक टेम्पो थांबला. त्याच्या मागची रिक्षा थांबली, हॉर्न वाजवत का होईना. आम्ही तिघांनी रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर नातू म्हणाला, “पण आवाज नाही आला.”

मुलाला तिथलं सगळं आवडलंय आणि जायची भीती वाटतेय. सूनबाईला निम्मं आवडलंय आणि ती जायला तयार आहे. आमच्या गल्लीचं मत पडलं की एवढे पैसे घालून बागा आणि घसरगुंड्या बघून आले. मी म्हणते, बरोबर तेच बघितलं. तीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी पाणी आणि शाळा विचारली होती. मैदान कुठे आहे ते विचारलं नव्हतं, आणि आमची पोरं द्वारकेच्या रस्त्यावर क्रिकेट खेळत मोठी झाली.

तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठी लागणारी सूनबाईची एनक्लेक्सची परीक्षा मार्चमध्ये आहे. ती पास झाली की पुढची, ऑस्की म्हणतात ती, ऑस्ट्रेलियात जाऊन द्यावी लागते. तोवर रोज संध्याकाळी पाच ते सात दोन्ही पोरं आमच्याकडे असतात, तिला अभ्यास करता यावा म्हणून. भिंतीवरूनच देते ती. धाकटीला मी कडेवर घेते.